गळका नळ आणि पिवळे डोळे

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलाशेजारी हात धुण्याचे एक बेसिन आहे. त्याचा नळ सहा महिने गळत होता. घट्ट पिळला की पाच-दहा मिनिटे गप्प राहायचा, मग पुन्हा टप् टप् सुरू. मी रोज आणखी जोर लावून तो पिळायचो आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचो. परवा नळकाम करणारे एक मिस्त्री रक्तदाब तपासायला आले होते. दंडाला पट्टा बांधलेला असतानाच ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या सलाईनपेक्षा हा नळ जोरात चाललाय!”

बोलणे लागले. घड्याळ लावून थेंब मोजले, तर मिनिटाला साठाच्या आसपास. सलाईनच्या हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर; पण नळाच्या तोंडाचा थेंब सलाईनच्या थेंबापेक्षा बराच मोठा असतो. म्हणून तो हिशेब सोडून दिला आणि रात्री दहाला नळाखाली भांडे ठेवले. सकाळी सहाला त्यात चार लिटर पाणी होते. म्हणजे दिवसाला बारा लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. त्याच्या वाट्याचा पाचवा हिस्सा माझा एक नळ गटारात सोडत होता.

आरोग्याच्या सदरात नळ आणि मोरी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरची काळजी वेगळी. जिथून पाणी बाहेर येते तिथून ते आतही जाऊ शकते, आणि आत जाणारे पाणी कोणते हे कुणी बघत नाही. पुस्तकात हे मी वाचले होते. समजले मात्र एका घरामुळे.

कर्जत तालुक्यातलेच एक गाव. नाव सांगत नाही, माणसे ओळखीची आहेत. सात-आठ वर्षांपूर्वीचा ऑगस्ट महिना, लावणी उरकलेली. साठीचे एक गृहस्थ आले. अन्नावरची वासना गेलेली, मळमळ, अंगात कणकण, लघवी गडद पिवळी. पापणी खाली ओढून पाहिली तर बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळदीसारखा. कावीळ उघड होती. विश्रांती घ्या, दारूला हात लावू नका, मनाने कुठल्याही गोळ्या घेऊ नका, असे सांगून रक्त तपासायला चिठ्ठी दिली. त्यांनी रक्त काही तपासले नाही. ते कावीळ उतरवणाऱ्याकडे गेले, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, गळ्यात माळ घातली आणि तीन आठवड्यांत बरे झाले. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, म्हणून तर माळेचे नाव टिकून आहे. हातातून उतरणारा तो पिवळा रंग पित्ताचा नसतो.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या शेजारचा नववीतला मुलगा आला. तीच लक्षणे. आणखी आठवड्याने त्या गृहस्थांच्या पत्नी सुनेला घेऊन आल्या. सून आठव्या महिन्याची गरोदर.

“डॉक्टर, हिला दोन दिवस अन्न नको झालंय. आणि डोळे बघा ना हिचे.”

या तिघांनाही मी विचारले होते की बाहेरचे काही खाल्ले का, बर्फाचे काही प्यायलात का. पाणी कुठले पिता, हेही विचारले होते. तिन्ही वेळा उत्तर आले, “नळाचं.” आणि तिन्ही वेळा मी पुढचा प्रश्न विचारला नाही. विहिरीचे म्हणाले असते तर टी.सी.एल. पावडर टाकली होती का, असे विचारले असते. ओढ्याचे म्हणाले असते तर रागावलोही असतो. ‘नळाचं’ म्हटल्यावर माझे समाधान झाले.

काविळीचे प्रकार अनेक. त्यातला ‘हिपॅटायटिस ई’ हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून येतो. धडधाकट माणसाला तो महिनाभर अंथरुणात ठेवतो आणि सोडून देतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाठले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शंभरातल्या वीस ते पंचवीसपर्यंत बाया दगावू शकतात. आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात याची लस नाही. त्याच दुपारी मी सुनेला मुंबईला पाठवले. वाटेतच तिला ग्लानी येऊ लागली होती. दोन आठवडे ती रुग्णालयात होती. ती वाचली. बाळ वाचले नाही.

रुग्णालयाचे कागद घेऊन तिचा नवरा आला. रक्तात हिपॅटायटिस ई निघाला होता. त्या संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून मी त्याच्या घरी गेलो. पहिला पेशंट आला तेव्हाच जायला हवे होते.

घर नीटनेटके होते. मोरी घासलेली, हंडे चकचकीत, पिण्याच्या पाण्यावर झाकण, काढायला लांब दांड्याचे ओगराळे. मोरीतला नळ नवा कोरा. नळाचा पाईप भिंतीतून बाहेर कुठे जातो ते पाहायला मी मागे गेलो. पाईप उघड्या गटारातून आडवा रस्त्याकडे गेलेला, आणि गटाराच्या ऐन मध्यावर त्याच्या सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर सुतळी बांधलेली. दोन घरे वरच्या बाजूला एका संडासाच्या टाकीचे पाणी त्याच गटारात येत होते.

“ही पट्टी कधी बांधलीस?”

“जूनच्या शेवटाला. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “मोरीचा नळ गळत होता म्हणून मी नवा आणून बसवला. जुना निघत नव्हता, जोर लावून पाना फिरवला. तेव्हा इकडचा सांधा हलला. मिस्त्री लावणीला गेलेला. म्हटलं, तात्पुरतं बांधून ठेवू.”

हिपॅटायटिस ईचा विषाणू शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात, सर्वसाधारणपणे पाच-सहा. म्हणजे ऑगस्टमध्ये आलेल्या काविळीचे कारण जूनच्या अखेरीला किंवा जुलैत शोधायचे असते. आदल्या दिवशी खाल्लेल्या वडापावावर विनाकारण आळ येतो. शेजारच्या मुलाचे कोडेही सुटले. त्याच्या घरी स्वतंत्र नळ होता, पण खेळून आला की तो याच मोरीवर ओंजळीने पाणी प्यायचा. त्याच्या घरातले दुसरे कुणी आजारी पडले नाही. पाण्याची तपासणी तेव्हा झाली नव्हती, त्यामुळे कागदावर काही सिद्ध करता येणार नाही. पण मला संशय उरला नव्हता, आणि त्यालाही.

“म्हणजे माझ्यामुळे झालं का, डॉक्टर?”

मी म्हटले, “तुझे वडील आले तेव्हाच मी इथे यायला हवं होतं. तेव्हा ही पट्टी दिसली असती, आणि तुझी बायको त्यानंतरचं पाणी उकळून प्यायली असती.” याहून वेगळे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते, आणि आजही नाही.

आता हे घाण पाणी पाइपात शिरते कसे, ते पाहू. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो. तेव्हा गळक्या सांध्यातून पाणी बाहेर येते, आत काही जाऊ शकत नाही. चोवीस तास दाब असता तर प्रश्न बराचसा मिटला असता. पण आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या बहुतेक गावांना सकाळी तासभर, फार तर संध्याकाळी पुन्हा तासभर पाणी येते. पाणी बंद झाले की पाइपात उरलेले पाणी उताराकडे पळते आणि मागे पोकळी सोडते. ती पोकळी जिथून मिळेल तिथून काहीतरी ओढून घेते. सरबताच्या ग्लासातली नळी तोंडाने ओढावी तसे. सांध्याभोवती हवा असेल तर हवा, गटार असेल तर गटार. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिल्या काही मिनिटांत तेच आपल्या हंड्यात येते. नळाला थेट टुल्लू पंप लावणारे तर ही ओढ कैक पटींनी वाढवतात. पंप आपल्या घरात पाणी खेचतो तेव्हा साऱ्या आळीच्या गळक्या सांध्यांतून घाणही खेचतो.

हा प्रकार खेड्यापाड्यापुरताच आहे असे नाही. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी मैलापाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ती याच जातीची असल्याचे कित्येक वर्षांनी समजले. आपल्या राज्यात इचलकरंजीला २०१२ साली काविळीची मोठी साथ आली आणि माणसे गेली. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत हातपाय लुळे पडणाऱ्या ‘जीबीएस’च्या रोग्यांची संख्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात एकदम वाढली, तेव्हाही तपासणी करणाऱ्यांचे बोट पहिल्यांदा पाण्याकडेच गेले. साथ आली की वर्तमानपत्रात येते. एका घरातल्या तिघांची कावीळ कुठेच येत नाही.

आपल्याकडे पाण्याचा तुटवडा म्हणावा तर पावसाळ्यात घाटाखाली आभाळ फाटते. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ सालापासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून घाटावरच्या तलावांचे पाणी खाली आणते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत सुटते, म्हणून ती नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यापाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उतरतात. नदी भरलेली आणि नळ कोरडा! हा विषय मोठा आहे, माझ्या अधिकाराबाहेरचाही. मी मोरीपाशीच थांबतो.

नळ गळतो तो तीन ठिकाणांहून, आणि तिन्ही आजार वेगळे. बंद केल्यावर तोंडातून थेंब पडत असेल तर आतला वायसर, म्हणजे रबराची चकती, झिजली आहे. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल तर दांड्याभोवतीचे पॅकिंग सैल झाले आहे; बहुधा वरची चक्री थोडी आवळली की भागते, नाहीतर पॅकिंग नवे घालावे. आणि भिंतीपाशी, आट्यांतून पाणी येत असेल तर सांध्यातली टेफ्लॉन टेप किंवा सुताचे वेढे गेलेले असतात. पूर्वी सुतावर सफेदा लावत. जुना सफेदा म्हणजे शिशाचे संयुग. शिसे मुलांच्या मेंदूला घातक, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या नळाला तो लावू देऊ नका. टेप मिळते, ती बरी.

वायसर बदलणे शाळकरी पोरालाही जमेल. आधी मागचा कॉक बंद करावा, नळ उघडून आतले पाणी जाऊ द्यावे, मग वरचा भाग पान्याने फिरवून काढावा. खाली वायसर दिसतो. त्याच मापाचा नवा घालून परत बसवावा. घरातले नळ बहुधा अर्ध्या इंची असतात, तरी जुना वायसर खिशात घालून दुकानात न्यावा म्हणजे वाद नको. बसवल्यावर नळ हलक्या हाताने बंद करावा. मी सहा महिने जोर लावून पिळत होतो आणि त्या जोरानेच वायसर चिरडत होतो, हे मिस्त्रींनी मला काढून दाखवले. त्यावर बैठकीच्या कडेचा गोल चर स्पष्ट उमटला होता.

वायसर बदलूनही आठवड्यात थेंब सुरू झाला तर आतली पितळी बैठकच खडबडीत झाली आहे असे समजावे आणि नवा नळ घ्यावा. पाव वळणाच्या नव्या नळांत वायसर नसतो, चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. ते गळू लागले की आतला पूर्ण संचच बदलावा लागतो. पण घरात संधिवाताचे म्हातारे माणूस असेल तर मी लांब दांडीचा पाव वळणाचा नळच सुचवतो. ज्या आजींच्या बोटांनी गोल मूठ पिळवत नाही, त्या नळ अर्धवट सोडून देतात, मग मोरी सदा ओली राहते आणि त्याच ओलीवर पाय घसरून खुबा मोडतो. अशा खुब्यांच्या पेशंटना रात्री-अपरात्री गाडीत घालून पाठवण्याची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली आहे. दांडी कोपरानेही बंद होते, त्यामुळे धुतलेला हात पुन्हा नळाला लागत नाही. हा फायदा वेगळाच.

आता खरी जपायची गोष्ट. भिंतीतला जुना नळ काढताना एका पान्याने कधीही जोर लावू नये. एका पान्याने मागचा पाईप किंवा सॉकेट घट्ट धरावे आणि दुसऱ्याने नळ फिरवावा. लोखंडी पाईप आतून गंजलेला असतो. नळाला दिलेला पीळ पाइपातून मागे जातो आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथे, म्हणजे नेमका डोळ्यांआड, तो हलतो. त्या तरुणाच्या घरी हेच झाले. काम झाल्यावर पाणी सोडून मागचे सगळे सांधे हाताने चाचपावेत. ओल लागली तर मिस्त्री येईपर्यंत ते पाणी पिऊ नये. ट्यूबच्या पट्टीने बाहेर येणारे पाणी थांबते, आत जाणारे थांबत नाही. आणि पाईप गटारातून जात असेल तर तो गटाराच्या वरून उचलून न्यावा. वीस-पंचवीस फूट पाईप आणि दोन एल्बो, एवढाच खर्च.

नळाला रबरी नळी लावून तिचे टोक बादलीत बुडवून ठेवण्याची सवय घरोघर आहे. पाणी जाताना बादलीतले साबणाचे, कपड्यांचे पाणी नळीतून मागे ओढले जाते. नळाचे तोंड नेहमी बेसिनच्या काठाच्या वर असावे, अर्ध्या इंची नळाला निदान एक इंच मोकळी हवा सुटली पाहिजे. सकाळी पाणी आले की पहिली पाच मिनिटे ते झाडांना किंवा संडासाच्या बादलीत घ्यावे, हंडा मग लावावा. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की आपण तुरटी फिरवतो. तुरटीने माती खाली बसते, विषाणू मरत नाहीत. फडक्याच्या गाळणीतूनही तो सुखाने जातो. पाण्याला खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट तशीच राहू द्यावी, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. घरात गरोदर बाई असेल तर मी थेंबांवरही थांबत नाही, उकळूनच प्या म्हणतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन पोचते की नाही हे ओ.टी. तपासणीने दोन मिनिटांत कळते. द्रावणाचा थेंब टाकला की पाणी पिवळसर झाले पाहिजे. तुमच्या गावात ती कोण करतो ते विचारून ठेवा, आणि ती टाकीपाशी न करता शेवटच्या घरच्या नळापाशी करायला सांगा.

इथवर पाणी येण्याचे झाले. आता सिंकमधून ते जाते कसे?

सिंकखाली वाकून पाहा. जाळीखालून निघालेला पाईप एका वाकड्या नळीतून किंवा बाटलीसारख्या डब्यातून जातो. तो ट्रॅप. त्यात नेहमी थोडे पाणी उभे राहते आणि ते गटाराकडून येणारी हवा, वास, झुरळे अडवते. ही वाकडी नळी लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली संडासासाठी पेटंट केली. आपल्या मोरीच्या जमिनीत बसवतात त्याला तर मिस्त्री लोक साऱ्या देशात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आपल्या न्हाणीवरून. तुंबला म्हणून ट्रॅप काढून टाकून सरळ पाईप जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. पाणी झरझर जाते खरे, पण गटार आणि स्वयंपाकाचा ओटा यांच्यामध्ये मग काहीच उरत नाही. रात्री झुरळे त्याच वाटेने येऊन पोळीच्या डब्यावर फिरतात.

ट्रॅपमधले पाणी सुकले तर काय होऊ शकते, ते हाँगकाँगच्या ‘अमॉय गार्डन्स’ वसाहतीत २००३ च्या मार्च महिन्यात दिसले. सार्सची साथ होती. तिथल्या न्हाणीघरांतले जमिनीतले ट्रॅप वापराअभावी कोरडे पडलेले. मैल्याच्या पाइपातली दूषित हवा त्यांतून वर घरांत आली, पंख्यांनी ती आणखी ओढली. एकाच वसाहतीतले तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. हे इतक्या लांबचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण नेरळपासून खालापूरपर्यंत आता शनिवार-रविवारची घरे उगवली आहेत. मालक पंधरा दिवसांनी, महिन्याने येतात. उन्हाळ्यात तोवर ट्रॅप कोरडे होतात. अशा घराची देखभाल तुमच्याकडे असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत, सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतत जा आणि मालक येण्याआधी सगळे नळ चार-पाच मिनिटे सोडून पाइपात उभे राहिलेले पाणी जाऊ द्या. तेवढ्याने तुमचेही भले होईल. त्या घरात रोज वावरणारे तुम्हीच असता.

सिंकखाली गळक्या पाइपासाठी ठेवलेला डबा हा डेंग्यूच्या डासाचा आवडता पाळणा. हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी डब्याच्या काठाला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. डबा घासावा. खरे तर डबा हवाच कशाला? त्या पाइपाची चक्री हाताने आवळली किंवा आतली रबरी कडी बदलली की डब्याची गरज संपते.

तुंबलेल्या सिंकसाठी दुकानातून ॲसिड आणणे हा सगळ्यात वाईट उपाय. काही वर्षांपूर्वी खोपोलीहून एक बाई खोकत, डोळे चोळत आल्या. मोरीत आधी ॲसिड ओतले होते, पाणी उतरेना म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू सैनिकांवर सोडत होते. त्यांनी दार उघडे ठेवले होते म्हणून बऱ्यावर भागले. असे काही झाले तर आधी मोकळ्या हवेत या, डोळे पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. पाईप मोकळा करण्याची कॉस्टिकची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलीच तर उलटी करवू नका, येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. सिंकसाठी आधी रबरी पंप वापरून पाहावा. नाहीच उतरले तर खाली बादली ठेवून ट्रॅपचा तळ हाताने उघडावा. आत खरकटे, तेलाचा थर, कधी चमचा, एका घरी तर नथीतला मोती निघाला. कढईतले उरलेले तेल कागदाने पुसून घ्यावे, सिंकमध्ये ओतू नये. ते आत गोठते आणि वर भाताची शिते चिकटतात.

सिंकचे पाणी घराबाहेर पडले की आपली जबाबदारी संपते, असे मात्र नाही. गटार नसेल तर ते दाराशी डबके करते आणि हत्तीरोगाचा डास घाण पाण्यातच वाढतो. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावत. जागा असेल तर आजही त्याहून चांगला उपाय नाही. जागा नसेल तर मीटरभर लांब, रुंद, खोल शोषखड्डा दगडांनी भरून करावा, पिण्याच्या विहिरीपासून आणि नळाच्या पाइपापासून दूर.

त्या गावी मी गेल्या महिन्यात एका लसीकरणाच्या निमित्ताने गेलो होतो. त्या घराचा पाईप आता गटाराच्या वरून, भिंतीला क्लिपा मारून नेलेला आहे. सून मागच्या दारी होती. तिची सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत नळाखाली ओंजळ धरून उभी होती. आईने आतून हाक मारली, “तिथलं नको गं पिऊ, आत ये, उकळलेलं देते.”